गटे नाचला होता का?

१

'गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला' हे वाक्य मराठी माणसाला बहुधा शाळेतच ऐकायला मिळते. संस्कृतच्या तासाला, आषाढाच्या पहिल्या दिवशी होणाऱ्या भाषणांत, नाटकाच्या इतिहासावरच्या व्याख्यानांत ते पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी टाळ्या घेऊन जाते. या वाक्याची ताकद त्यातल्या चित्रात आहे. वायमारच्या घरातला प्रौढ जर्मन कवी, त्याच्या डोक्यावर कालिदासाचे नाटक आणि त्याची थिरकणारी पावले. जर्मन कवींवर माहितीपट करायला निघालेल्या मराठी दिग्दर्शकाला पहिले दृश्य आयतेच मिळाले, असे वाटावे.

अडचण एवढीच की असा नाच झाल्याची नोंद गटेच्या चरित्रसाधनांत नाही. नोंद आहे ती चार ओळींच्या एका मुक्तकाची. १७९१ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, 'शाकुंतला'चा जर्मन अनुवाद हाती पडल्यावर गटेने ते लिहिले आणि याकोबी या मित्राला पत्रातून कळवले. ऋतूंची आणि दोन्ही लोकांची संपत्ती एका नावात सामावते व ते नाव शकुंतलेचे, असा त्याचा आशय. हे मुक्तक लहान आहे, नेमके आहे आणि ते लिहिणारा माणूस बहुधा खुर्चीत बसलेला होता. (मूळ जर्मन उच्चार मराठी लिपीत नीट उतरत नाही, म्हणून आपल्याकडे रूढ झालेले 'गटे' हे रूपच येथे वापरले आहे.)

नाच आणि मुक्तक यांत एक महत्त्वाचा फरक आहे. नाच आपल्याला प्रशस्तिपत्र देतो. त्यासाठी गटे वाचण्याची गरज पडत नाही आणि कालिदास वाचण्याचीही नाही. मुक्तक मात्र वाचावे लागते. ते कुणी लिहिले, कोणत्या अनुवादावरून लिहिले, त्याच कवीने भारताविषयी पुढे आणखी काय लिहिले, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात. जर्मन कवींविषयीचा एखादा स्वतंत्र माहितीपट नाशिकमध्ये बसून करायचा झाला, तर त्याने या दोहोंपैकी कशाची निवड करावी, हा या लेखाचा विषय आहे.

नाशिकच का? दादासाहेब फाळके यांचे आणि कुसुमाग्रजांचे हे शहर, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक ठोस आहे. गटे आणि त्याच्या समकालीनांनी भारतातल्या ज्या गोष्टींवर प्रेम केले, ज्यांचा तिटकारा केला आणि ज्यांवरून त्यांनी स्वतःची कविता घडवली, त्यांची रूपे नाशिक शहरात आणि जिल्ह्यात समोर उभी आहेत. कॅमेरा फार दूर न्यावा लागत नाही.

२

ऐतिहासिक कवीवर माहितीपट करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न साधा असतो: पडद्यावर दाखवायचे काय? गटे २२ मार्च १८३२ रोजी वारला. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला तो १८३९ मध्ये. त्यामुळे त्याची तैलचित्रे आहेत, १८०७ साली घेतलेला चेहऱ्याचा साचा आहे, पण छायाचित्र एकही नाही. हाइने अखेरची आठ वर्षे पॅरिसमध्ये अंथरुणाला खिळून होता आणि १८५६ मध्ये वारला. कोणाचाही आवाज उरलेला नाही. मग नेहमीचे तीन मार्ग उरतात: तैलचित्रावरून हळूहळू फिरणारा कॅमेरा, पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेला जाणकार आणि ऐतिहासिक पोशाखातला नट.

यांपैकी तिसऱ्या मार्गाचा अनुभव मराठी चित्रपटाला फार जुना आहे. १९१८ पासून नाशिकमध्ये चाललेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने नामदेव, एकनाथ यांच्यावर मूकपट काढले. कवीवर मूकपट! ज्याचे सारे सामर्थ्य शब्दांत, त्याला शब्दाविना पडद्यावर उभे करायचे. साहजिकच तिथे चमत्कार महत्त्वाचे ठरले. पुढे १९३६ मध्ये प्रभातच्या 'संत तुकाराम'ने हा प्रश्न इतक्या समर्थपणे सोडवला की विष्णुपंत पागनिसांचा चेहरा म्हणजेच तुकारामांचा चेहरा, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. कथापटाचे हे यश माहितीपटाला मात्र घेता येत नाही. माहितीपटाने नटाचा चेहरा कवीचा म्हणून दाखवला, तर त्याने प्रेक्षकाशी केलेला करार मोडतो.

कवी हयात असेल तर गोष्ट वेगळी. अरुण खोपकरांनी २००२ साली नारायण सुर्व्यांवर माहितीपट केला तेव्हा सुर्वे होते, त्यांचा आवाज होता, त्यांची मुंबई बदलत असली तरी उभी होती. गटेच्या बाबतीत यातले काहीच मिळणार नाही. मग उरते ती कविता आणि तिने केलेला प्रवास. हस्तलिखित, अनुवाद, छपाई, जहाज, टपाल, वाचक ही त्या प्रवासातली ठिकाणे आहेत. ती खरी आहेत आणि त्यांतली बरीचशी आजही दाखवता येतात.

या पद्धतीचे बीज फाळक्यांच्या कामात सापडते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी मुंबईत कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली. रोज थोडे थोडे चित्रण करून वेलीचे वाढणे त्यांनी काही क्षणांत दाखवले. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी केलेली ही छोटी फिल्म होती. पण तिचा विषय एखादा पुतळा नव्हता, ती एक क्रिया होती. पुढे चित्रपट कसा तयार होतो यावरही त्यांनी फिल्म केली. नाशिक-त्र्यंबकचे देखावे, तळेगावचा काचकारखाना असे विषय त्यांच्या लघुपटांत येतात. पौराणिक चमत्कारांचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. वस्तू घडताना पाहण्याची त्यांची ओढ त्या मानाने कमी सांगितली जाते.

ही ओढ आली ती छापखान्यातून. रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछाप प्रती काढणाऱ्या छापखान्यात फाळक्यांनी काम केले होते. लोणावळ्याजवळ मळवलीला असलेला हा छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला होता. पुढे स्वतःच्या भागीदारीतल्या छापखान्यासाठी रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे पाहायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस जर्मनीत गेला तो यंत्राच्या शोधात; काव्याचा तिथे संबंध नव्हता. पण त्याच्या शंभरेक वर्षे आधी जर्मन कवींची आणि भारताची गाठ पडली होती तीही छापखान्याच्याच वाटेने.

३

ती वाट कलकत्त्यापासून सुरू होते. विल्यम जोन्स याने 'शाकुंतल' आधी लॅटिनमध्ये शब्दशः उतरवले, मग त्यावरून इंग्रजी केले आणि १७८९ मध्ये ते कलकत्त्यात छापले. त्याच्यापुढे होता तो नाटकाचा बंगाली पाठ. शृंगाराचे जे तपशील इंग्रज वाचकाला रुचणार नाहीत असे वाटले, तिथे त्याने हात आखडता घेतला. हे इंग्रजी पुस्तक गेऑर्ग फोर्स्टरच्या हाती पडले आणि १७९१ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याची प्रत गटेला मिळाली. म्हणजे गटेने वाचले ते संस्कृत नाटकाच्या एका प्रांतिक पाठाच्या लॅटिनवरून केलेल्या इंग्रजीचे जर्मन.

इतक्या गाळण्यांतून गेल्यावरही कालिदास उरला, ही गोष्ट नाचापेक्षा कितीतरी अधिक नवलाची आहे. आणि माहितीपटाला हवा असलेला नायकही इथेच भेटतो. फोर्स्टर विशीच्या आतच कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत जगप्रदक्षिणेला निघाला. पुढे माइन्झ येथे तो ग्रंथपाल झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत माइन्झमध्ये अल्पजीवी प्रजासत्ताक स्थापन झाले, त्यात तो आघाडीवर होता. १७९४ च्या जानेवारीत, चाळिशीही न गाठता, तो पॅरिसमध्ये वारला. शकुंतला जर्मनीत आली ती एका भटक्याच्या, एका प्रजासत्ताकवाद्याच्या हातून. तिची ओळख झाली ते वर्ष आणि युरोपात राजसत्ता हादरण्याचे वर्ष जवळजवळ एकच. दरबारात नाकारली गेलेली स्त्री हा नाटकाचा गाभा त्या वाचकांना कसा जाणवला असेल, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो.

'फाउस्ट'च्या आरंभीचा नाट्यगृहातला प्रवेश गटेला 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेवरून सुचला, असे अनेक अभ्यासक मानतात. सूत्रधार आणि नटी यांच्या जागी तिथे व्यवस्थापक, कवी आणि विदूषक आहेत. मराठी वाचकाला हा प्रवेश विंदा करंदीकरांच्या १९६५ मधल्या 'फाउस्ट'च्या पहिल्या भागाच्या अनुवादामुळे भेटला. इकडे 'शाकुंतल' स्वतः मराठी रंगभूमीवर नव्याने जन्मले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांतून. एकच प्रस्तावना दोन वाटांनी फिरून मराठीत परत येते: एकदा किर्लोस्करांच्या सूत्रधाराच्या तोंडून, एकदा विंदांच्या जर्मन पात्रांच्या तोंडून. हे दोन्ही प्रवेश एकापाठोपाठ एक वाचून दाखवले, तर वेगळ्या निवेदनाची गरज पडू नये.

छपाईचीच आणखी एक कथा सांगायला हवी. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल हा कवी-समीक्षक १८१८ मध्ये बॉन विद्यापीठात गेला आणि संस्कृतचा प्राध्यापक झाला. संस्कृत ग्रंथ देवनागरीतच छापायचे, या हट्टाने त्याने पॅरिसमध्ये देवनागरीचे खिळे पाडून घेतले आणि १८२३ मध्ये लॅटिन अनुवादासह भगवद्‌गीता छापली. त्यानंतर त्याने रामायण हाती घेतले. १८२९ ते १८३८ या काळात त्याचे जे भाग निघाले, त्यांत पहिली दोनच कांडे आली. अरण्यकांडापर्यंत काम गेलेच नाही. बॉनमध्ये कोरीव खिळ्यांनी जुळवले जाणारे हे रामायण पंचवटीच्या आधीच थांबले.

४

उतारवयात गटेने लिहिलेल्या काही तिरकस मुक्तकांत भारताविषयीचे त्याचे मत एका दमात येते. शकुंतला, नल आणि मेघदूत ही तीन नावे तो अतिशय प्रेमाने घेतो. आणि त्याच दमात सांगतो की या देशाचे सारे आवडले असते, फक्त पाथरवट नसते तर! लेणी, अनेक मस्तकांचे देव, सोंडेचा देव, वानररूपातला हनुमान या सगळ्यांना तो आपल्या देवघरातून हद्दपार करतो.

नाचाची आख्यायिका सांगणारा हा भाग सांगत नाही. पण जी मुक्तके आपल्या कवितेला कवटाळतात तीच आपल्या शिल्पाला झिडकारतात. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज गटे समजत नाही. ग्रीक शिल्पातली प्रमाणबद्ध मानवी आकृती हा त्याच्या सौंदर्यदृष्टीचा मानदंड होता. शकुंतला त्या मानदंडात बसू शकली, कारण ती त्याला निसर्गाच्या कुशीतली माणूस वाटली. एलिफंटाची त्रिमुखी मूर्ती बसू शकली नाही. ती त्याने पाहिलीही नव्हती. कार्स्टन नीबूर १७६४ मध्ये एलिफंटाला जाऊन आला होता आणि त्याने केलेली वर्णने व रेखाटने युरोपात छापली गेली होती. अशा कागदांवरूनच त्या काळचा युरोपीय वाचक आपल्या लेण्यांची कल्पना करत असे.

नाशिकचा माहितीपटकार इथे काय करू शकेल? या तीनही प्रिय नावांची नाशिकमधली वाट तो शोधू शकेल. नलोपाख्यान फ्रांझ बॉपने १८१९ मध्ये लॅटिन अनुवादासह लंडनला छापले. कोझेगार्टेनचा जर्मन अनुवाद १८२० मध्ये आला आणि फ्रीडरिश रूकर्ट या कवीने १८२८ मध्ये त्याला जर्मन कवितेचे रूप दिले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९२७ च्या आसपास, फाळक्यांच्या नाशिकच्या कंपनीने 'नल-दमयंती' हा मूकपट काढला. मेघदूत विल्सनने १८१३ मध्ये कलकत्त्यात इंग्रजीत आणले आणि गटेपर्यंत पोहोचवले. कुसुमाग्रजांनी १९५० च्या दशकात ते मराठीत आणले. शाकुंतलाची वाट वर आलीच आहे.

आणि पाथरवट? ते तर नाशिकच्या वेशीवरच आहेत. त्रिरश्मी डोंगरातल्या चोवीस लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, दहाव्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची नोंद आहे. गौतमीने आपल्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या, गुणांचे जे वर्णन कोरवून घेतले ते लांबलचक समासांचे, अलंकारांनी लगडलेले प्राकृत गद्य आहे. म्हणजे गटेला प्रिय असलेले शब्दशिल्प आणि त्याला अप्रिय असलेले पाषाणशिल्प इथे एकाच भिंतीवर आहे. त्या भिंतीवर कॅमेरा स्थिर ठेवावा आणि गटेचे पाथरवटांविषयीचे मुक्तक जर्मनमध्ये ऐकवावे. त्याला उत्तर देण्याची घाई निवेदकाने करू नये. भिंत समोर आहे. प्रेक्षक पाहून घेईल.

हाइनेच्या बाबतीतही हाच नियम लागतो. त्याने बॉनला श्लेगेलची व्याख्याने ऐकली होती. गंगातीरीच्या कमळांची स्वप्ने रंगवणारे त्याचे गीत सर्वांना माहीत आहे. पण वसिष्ठाच्या गायीसाठी घोर तप करणाऱ्या विश्वामित्रावर त्याची एक छोटी कविता आहे आणि तिच्यात त्या राजाची त्याने यथेच्छ टर उडवली आहे. कमळे दाखवून टर वगळणारा माहितीपट हाइनेवरचा राहणार नाही.

५

आतापर्यंतचा प्रवास संस्कृत ग्रंथांचा होता. पण गटेच्या भारतविषयक कवितेतले सर्वांत अस्वस्थ करणारे काव्य संस्कृतातून आलेले नाही. ते म्हणजे १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेली तीन कवितांची मालिका, 'पारिया'. परैयर या तमिळ जातिनामावरून युरोपीय भाषांत गेलेला हा शब्द तिथे अस्पृश्यांचा वाचक बनला होता.

गटेला ही कथा मिळाली पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या ग्रंथातून. सोनेराने ती तमिळ किनाऱ्यावर ऐकलेल्या लोककथेवरून लिहिली होती. एक ब्राह्मण स्त्री इतकी शुद्ध असते की तिला पाणी आणायला घागर लागत नाही. ओंजळीत पाण्याचा गोळा बनतो. एके दिवशी पाण्यात एका दिव्य पुरुषाचे प्रतिबिंब दिसते, मन क्षणभर विचलित होते आणि पाणी गोळा होईनासे होते. पती तिचा शिरच्छेद करतो. मुलगा आईला परत जिवंत करायला धावतो आणि घाईत तिचे मस्तक वधस्थानी पडलेल्या एका अस्पृश्य स्त्रीच्या धडाला जोडतो. उठते ती ब्राह्मणी मस्तकाची आणि अस्पृश्य देहाची देवता.

मराठी वाचकाला ही रेणुका ओळखायला वेळ लागत नाही. महाभारतात रेणुकेचे मन चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहून चळते, जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुराम तिचा वध करतो आणि वर मागून तिला जिवंत करतो. तिथे मस्तकांची अदलाबदल नाही. ती लोककथेत आहे, आणि तीच गटेला हवी होती. माहूर हे रेणुकेचे मोठे पीठ; पण नाशिक जिल्ह्यातही, मुंबई–आग्रा मार्गावर चांदवडला, अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेले रेणुकेचे मंदिर आहे. डोंगराच्या कपारीतल्या त्या शेंदरी मुखापुढे रोज नवस फेडले जातात. वायमारच्या कवीने हीच आई आपल्या कवितेत आणली, हे तिथे येणाऱ्या भाविकाला सांगितले तर त्याला काय वाटेल? त्याचे जे काही उत्तर येईल ते माहितीपटात घ्यावे.

गटेने या कथेचे जे केले ते थोर आहे. त्याच्या मालिकेतली पहिली कविता ही पारियाची प्रार्थना आहे: ब्रह्मदेवाने सर्वांना जन्म दिला असेल, तर आम्हालाही त्याने आपले म्हणावे. दुसरीत ही कथा येते. तिसरीत पारिया आभार मानतो, कारण वर आणि खाली असे दोन्ही देह एकत्र बाळगणारी देवता आता त्याची बाजू मांडायला उभी आहे. भारताकडे प्राचीन ज्ञानाची खाण म्हणून पाहणाऱ्या त्याच्या समकालीनांच्या लेखनात हा आवाज सहसा ऐकू येत नाही. संस्कृत न जाणणाऱ्या गटेला तो ऐकू आला.

आता कॅमेरा पंचवटीत आणावा लागतो. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. फोर्स्टर शकुंतलेचे जर्मन करत होता त्याच्या मागेपुढेच गोदातीरी हे काळे दगड घडवले जात होते. याच मंदिराच्या दारापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे स्थानिक आधारस्तंभ होते. वर्षानुवर्षे लढा चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

इथे माहितीपटकाराला मोह होईल तो पारियाची प्रार्थना आणि सत्याग्रहाची छायाचित्रे एकमेकांना जोडून गटेला द्रष्टा ठरवण्याचा. हा मोह नाचाच्या मोहाइतकाच फसवा आहे. गटेचा पारिया देवाकडे मध्यस्थ मागतो आणि तो मिळाल्याबद्दल आभार मानतो. नाशिकचे सत्याग्रही कुणाचे आभार मानायला आले नव्हते. ते हक्क मागत होते, आणि तो नाकारला गेल्यावर त्यांच्या नेत्याने मध्यस्थासह तो देवच सोडला. १८२४ ची कविता जिथे समाधान पावते, तिथून १९३५ चे येवला पुढे निघते. दोन्ही शेजारी ठेवावीत, त्यांच्यामधले अंतरही दिसू द्यावे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर जी गाणी रचली आणि गायली, ती या अंतराच्या पलीकडच्या काठावरची आहेत. पारिया कुणाच्या तरी कवितेतले पात्र होता. वामनदादांच्या गाण्यात तो स्वतः कवी आहे.

आणि याच ठिकाणी कुसुमाग्रजांची पुन्हा गाठ पडते. वि. वा. शिरवाडकर १९३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी उतरले होते. १९३६ मध्ये ते नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये गेले, 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. पुढे मेघदूत मराठीत आणले. मेघदूतावरचे प्रेम आणि मंदिराच्या बंद दाराविषयीची चीड एकाच माणसात नांदू शकते, याची साक्ष वायमारला शोधायला जाण्याआधी नाशिकमध्येच मिळते.

६

स्वतंत्र माहितीपट म्हणजे नेमके कशापासून स्वतंत्र? दोन देशांच्या मैत्रीसाठी पैसे देणाऱ्याला मैत्री दिसावी असे वाटते. त्याला नाच आवडतो. सांस्कृतिक अभिमानासाठी पैसे देणाऱ्यालाही नाचच आवडतो. पाथरवटांचे मुक्तक आणि 'पारिया' दोघांनाही अडचणीचे. म्हणून असा माहितीपट थोड्या पैशांत, स्वतःच्या मर्जीने होणे इष्ट. सुदैवाने त्याचा कच्चा माल बराचसा मोकळा आहे. गटे, हाइने, रूकर्ट यांचे मूळ लेखन कधीच सार्वजनिक झाले आहे. मराठी अनुवाद मात्र तसे नाहीत. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, विंदा २०१० मध्ये. त्यांचे शब्द पडद्यावर यायचे तर रीतसर परवानगी घ्यावी लागेल.

जुन्या वस्तू उरल्या आहेत त्याही आयुष्याची दोरी बळकट म्हणून. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची जुनी रिळे जळाली. फाळक्यांच्या कितीतरी चित्रपटांचे आज तुकडेच उरले आहेत. २ सप्टेंबर २००४ रोजी वायमारच्या अ‍ॅना अमालिया ग्रंथालयाला आग लागली. गटे ज्याची देखरेख करत असे त्या ग्रंथालयातली सुमारे पन्नास हजार पुस्तके नष्ट झाली आणि बासष्ट हजारांना इजा झाली. दोन वर्षांच्या आत दोन शहरांनी आपल्या स्मृतीचा एकेक कोपरा गमावला. माहितीपटकाराने यातून एवढेच घ्यावे की जे आज आहे ते आधी टिपावे. चर्चा नंतर करता येईल.

आणि सर्वांत अवघड तयारी भाषेची. इथे एका जर्मन माणसाचा दाखला द्यावासा वाटतो. ग्युंटर सोन्थायमर (१९३४–१९९२) हायडेलबर्गहून महाराष्ट्रात आले, मराठी शिकले, धनगरांच्या ओव्या त्यांनी वर्षानुवर्षे ऐकल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासह त्यांनी खंडोबा आणि पंढरीची वारी यांवर केलेले माहितीपट विश्वासार्ह वाटतात ते या ऐकण्यामुळे. त्याच स्टेगम्युलरांनी पुढे दिलीप चित्रे आणि नामदेव ढसाळ यांच्यासह मुंबईवरचे जर्मन पुस्तक केले. जर्मन डोळ्यांनी मराठी कवितेची वाट पाहिली ती अशी चालून. उलट दिशेने निघणाऱ्याला यापेक्षा जवळची वाट सापडण्यासारखी नाही. गटेची ओळ आधी जर्मनमध्ये, पूर्ण, संगीताविना ऐकू यावी आणि मराठी अक्षरे तिच्या खाली यावीत. कळली नाही तरी तिची लय कानावर पडते. मूकपटातल्या नामदेवाला हेच लाभले नव्हते.

७

असा माहितीपट होईल तेव्हा होईल. पण तो ज्या साहित्यावर उभा राहायचा, ते वर्गात आजही मांडता येते. तौलनिक साहित्याचा किंवा 'शाकुंतला'चा तास घेणाऱ्या शिक्षकाने नाचाचे वाक्य एकदाच उच्चारावे आणि मग तीन गोष्टी विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात: १७९१ चे मुक्तक, पाथरवटांना झिडकारणारी उतारवयातली मुक्तके आणि 'पारिया'. तिन्हींचा कर्ता एक आहे हे वाचून झाल्यावर सांगावे. बहुतेक विद्यार्थी आधी विश्वास ठेवणार नाहीत.

त्या अविश्वासातून जे प्रश्न निघतील ते नाशिकच्या मुलांना पायी चालत सोडवता येतील. एक वाट त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून गौतमीच्या लेखापाशी जाते, दुसरी पंचवटीत काळारामाच्या पूर्वदरवाज्यापाशी. हातात एखादा साधा कॅमेरा असला तर उत्तम.